डोंगरवाटेवरचा स्टोव्ह : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबे अलीकडे मे महिन्यात मुलाबाळांसह हिमालयातील पदभ्रमणास जाऊ लागली आहेत. आंबोली, दूधसागर, चोर्ला येथील एका दिवसाच्या भटकंतीपेक्षा हा प्रकार निराळा. निघण्यापूर्वी मंडळी माझ्याकडे आवर्जून येतात आणि विचारतात : डायमॉक्स द्यावे का, उलटीचे औषध कोणते घ्यावे, थंडीने दमा वाढेल का? स्टोव्हविषयी आजवर एकानेही विचारलेले नाही. वास्तविक तळावर मुलाच्या सर्वांत जवळ असलेली घातक वस्तू हीच असते, आणि तिच्यावाचून तेथे चालतही नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी औषधांऐवजी हा विषय निवडला आहे.

पन्नाशीच्या पुढील वाचकांना स्टोव्हची ओळख करून देण्याची गरज नाही. पितळी टाकी, पंप, काकडा, नोझलला मारायची पिन, आणि पेटल्यावरचा तो भर्र आवाज आपल्या कानांत अजून आहे. परंतु गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या पिढीने हे यंत्र पाहिलेले नाही, आणि नेमकी हीच पिढी आता परदेशी बनावटीचा महागडा ‘मल्टिफ्युएल’ स्टोव्ह पाठपिशवीत घालून निघते. त्याचे रूप नवे असले तरी आतील तत्त्व जुनेच आहे. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये बिनकाजळीचा रॉकेल स्टोव्ह तयार केला, तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. नान्सेन यांच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेन यांच्या सामानातही तो होता.

तत्त्व असे. रॉकेल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते. वातीच्या स्टोव्हमध्ये हे काम वात करते, पण तिची ज्योत वाऱ्यात टिकत नाही. दाबाच्या स्टोव्हमध्ये पंपाने टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल बर्नरच्या नळीत चढते. ती नळी आधीच तापलेली असेल तर तेथे रॉकेलची वाफ होते, ती नोझलच्या सूक्ष्म छिद्रातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी ज्योत धरते. पुढे ती ज्योतच नळीला तापवत राहते. सुरुवातीची उष्णता मात्र बाहेरून द्यावी लागते, आणि त्यासाठीच स्पिरिटचा काकडा. बर्नर पुरेसा तापण्याआधी उतावीळपणे पंप मारला की वाफेऐवजी रॉकेलच उसळते आणि हातभर पिवळा भडका उठतो. थंडीत हा उतावीळपणा अधिक होतो, कारण हात गारठलेले असतात आणि सर्वांना चहा हवा असतो. जुन्या धर्तीच्या स्टोव्हचा भडका झाला तर हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा. बाटलीला जोडलेल्या नव्या स्टोव्हला इंधनाची वेगळी चावी असते, ती बंद करावी. कोणत्याही स्थितीत त्यावर पाणी ओतू नये.

‘मग गॅसचे छोटे सिलिंडर का नेऊ नयेत?’ हा रास्त प्रश्न आहे. उन्हाळ्यात, मध्यम उंचीवर ते न्यावेत, सोयीचे आहेत. परंतु ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीच द्रवरूप होतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनप्रधान सिलिंडर भरलेला असूनही मंदावतो. रॉकेलला दाब आपल्या हाताने मिळतो, थंडीचे त्याला सोयरसुतक नाही. शिवाय रॉकेल साध्या तापमानाला सहजासहजी पेट घेत नाही, सांडले तर पुसता येते. पेट्रोलचे तसे नाही. त्याची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेटते. रॉकेलसाठी बनवलेल्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घालणे हा केवळ आत्मघात होय. अनेक राज्यांत रेशनवरील रॉकेल बंद झाल्यापासून ‘मिळेल ते घाला’ ही वृत्ती वाढली आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आता उंचीचा प्रश्न. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्या घरी पाणी शंभर अंशांना नव्हे, तर साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. ३,६०० मीटरवर ते ८८ अंशांना, ५,००० मीटरवर ८३ अंशांना उकळते. पातेल्यातील डाळ खदखदते, पण शिजत नाही; त्याखाली ज्योत कितीही मोठी केली तरी तापमान वाढत नाही, फक्त रॉकेल जळते. यावर उपाय प्रेशर कुकर. त्याची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण इतका अधिक दाब धरते, म्हणून ३,६०० मीटरवरही आत ११४ अंशांपर्यंत तापमान जाते. तळावरील खानसामे आधी कुकर बांधतात आणि मग पातेली, ते उगाच नव्हे. पिण्याच्या पाण्यापुरते ८८ अंशही जंतूंचा नाश करण्यास पुरेसे आहेत. मात्र २,००० मीटरच्या वर पाणी तीन मिनिटे खळखळून उकळू द्यावे.

खरे इंधन खाते ते बर्फ. एक लिटर बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे झऱ्याच्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक खर्च. ज्योतीची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असे धरले, तर बर्फापासून एक लिटर उकळलेले पाणी मिळवण्यास माझ्या हिशेबाने सुमारे ४० मिलिलिटर रॉकेल लागते. चौघांच्या कुटुंबास दिवसाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी १६ लिटर पाणी धरल्यास जवळजवळ ६५० मिलिलिटर. हा हिशेब निघण्यापूर्वी करावा. आणि पातेल्यात कोरडा बर्फ कोंबू नये. तळाशी थोडे पाणी ठेवून त्यात बर्फ घालत जावे, एरवी भांडे करपते.

इंधन आणि पाणी यांचा हा संबंध वैद्यकाने अधोरेखित केला, याचा आपल्या व्यवसायास अभिमान वाटावा. मे १९५२ मध्ये रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एक रात्र काढली. त्यांच्याजवळ स्टोव्ह नव्हता. रिकाम्या डब्यात मेणबत्तीवर बर्फ वितळवून त्यांनी घसा ओला केला आणि दुसऱ्या दिवशी शिखराच्या अलीकडूनच त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी चो ओयू मोहिमेबरोबर गेलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी गिर्यारोहकांच्या श्वासावाटे किती पाणी जाते आणि ते किती कमी पितात याचा अभ्यास करून १९५३ च्या मोहिमेसाठी दर माणशी दररोज निदान तीन लिटर द्रवाचा आग्रह धरला, आणि त्यासाठी अधिक कार्यक्षम स्टोव्हचाही. २८ मे १९५३ च्या रात्री शेवटच्या तळावर तेनसिंग आणि हिलरी यांच्याजवळ स्टोव्ह होता. सकाळी हिलरींचे गोठलेले बूटही त्यावरच मऊ करावे लागले. प्राणवायूच्या नळकांड्यांचे श्रेय सर्वजण देतात. स्टोव्हला मात्र ते मिळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निळ्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड अत्यल्प असतो. पण ज्योतीवर बर्फाने भरलेले गार भांडे टेकले, नोझल मळले, किंवा बंद तंबूत हवा कमी पडली की ज्वलन अपुरे राहते आणि हा वायू वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. समुद्रसपाटीवर ज्या प्रमाणाने डोके जड व्हावे, त्याच प्रमाणाने उंचावर, जेथे रक्तात प्राणवायू आधीच कमी असतो, माणूस कोसळू शकतो. मुलांचा श्वसनाचा वेग अधिक असल्याने ती लवकर बाधित होतात. १९३४ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावरील हवामान केंद्रात एकटे राहिलेले अ‍ॅडमिरल बर्ड हे अनुभवी गृहस्थही शेगडी आणि जनित्र यांच्या धुरातील याच वायूने मरणाच्या दारी पोहोचले होते.

डॉक्टरांना फसवणारी बाब अशी की डोकेदुखी, मळमळ, उलटी, गळाठा ही लक्षणे विरळ हवेच्या आजाराची आणि कार्बन मोनॉक्साइडची अगदी एकसारखी आहेत. काही वर्षांपूर्वी हमता खिंडीच्या वाटेवर बालू का घेरा या सुमारे ३,६०० मीटरवरील तळावर आमची तुकडी एक दिवस सुखरूप राहिली होती. दुसऱ्या दुपारी गारा सुरू झाल्या. स्वयंपाकाच्या तंबूचे दार घट्ट लावून आत दोन स्टोव्ह पेटलेले, आणि उबेसाठी एक आई आपल्या दोन मुलांसह तेथेच बसलेली. तासाभरात तिघांचीही डोकी दुखू लागली, तेरा वर्षांच्या मुलाला उलटी झाली. तुकडीतील एका तरुण सहकाऱ्याने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ८९, बाहेरच्या आम्हा सर्वांसारखाच. तो म्हणाला, ‘सर, सॅच्युरेशन तर ठीक आहे, उंचीच लागलेली दिसते.’ मी तिघांनाही आधी बाहेर काढून मोकळ्या तंबूत नेले, मुलाला तळावरील प्राणवायू मास्कने दिला. आई आणि लहान मुलगी नुसत्या मोकळ्या हवेनेच दीड-दोन तासांत सावरल्या. रक्ततपासणीची सोय तेथे नव्हती, त्यामुळे निदान सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण एकाच तंबूतील सर्वजण एकाच वेळी आजारी पडतात आणि बाहेर येताच सुधारतात, असे उंची करत नाही.

आणि त्या आकड्याविषयी. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूने भरलेलेच समजतो. २०२० नंतर हे उपकरण घरोघरी आले आणि आपण सर्वच त्याच्या आकड्यावर विसंबू लागलो. येथे तो आकडा निरुपयोगी आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. म्हणून लक्षणे गंभीर असतील तर प्राणवायू सुरू करून खाली उतरवणे, यास पर्याय नाही. स्वयंपाक तंबूच्या बाहेरच व्हावा. वादळात ते अशक्यच असेल तर समोरासमोरची दोन्ही दारे उघडी ठेवावीत, आणि त्या तंबूत कोणीही झोपू नये. मुले तर नव्हेच. ‘उबेसाठी थोडा वेळ चालू राहू दे’ हे वाक्य मी तळावर ऐकून घेत नाही, माझ्यावर कोणी रागावले तरी.

दुसरा धोका आपल्या वॉर्डांच्या जुन्या ओळखीचा. १९९० च्या दशकात मी निवासी डॉक्टर असताना उन्हाळा लागला की रॉकेल प्यालेली एक ते तीन वर्षांची मुले येऊ लागत. कारण जवळजवळ ठरलेले : पाण्याच्या बाटलीत रॉकेल. घरोघरी गॅस आल्यावर हे रुग्ण घटले. आता तळावर तीच बाटली परत आली आहे. फरक इतकाच की मूल बारा किलोमीटर चालून तहानलेले असते आणि बाटली अंधारात हाती लागते. रॉकेल पोटात फारसे नुकसान करत नाही. ते पातळ आणि पसरणारे असल्याने ठसका लागताच फुप्फुसांत उतरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणूनच उलटी करवणे, मिठाचे पाणी वा दूध पाजणे, जठर धुणे हे सर्व टाळायचे. मुलाला शांत ठेवावे, भिजलेले कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी, श्वासाचा वेग मोजत राहावे. खोकला, धाप, गुंगी वा ताप दिसला की तत्काळ रुग्णालय. लक्षणे नसली तरी पहिले सहा तास नजरेआड करू नये, आणि रुग्णालय दूर असेल तर धाप लागण्याची वाट न पाहता उतरायला लागावे. प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड सरसकट देण्यात अर्थ नाही. इंधन लाल रंगाच्या धातूच्या बाटलीत न्यावे आणि ती पाण्याच्या बाटल्यांबरोबर कधीही बांधू नये.

भाजण्याविषयी थोडेच सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. तळावर ज्योतीपेक्षा कलंडलेले पातेलेच अधिक भाजते. स्टोव्हखाली लाकडी फळी ठेवावी, नाहीतर बर्फ वितळून तो तिरपा होतो. टाकी बर्नरच्या खाली असेल तर वारा अडवणारा पत्रा तिच्याभोवती पूर्ण गुंडाळू नये, टाकी तापते. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरू नये. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते पाणी. टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. लहान मूल असेल तर भाजलेला भाग गार करताना बाकीचे अंग मात्र उबदार राखावे.

राहिला प्रवास. रेल्वेत रॉकेल, पेट्रोल वा गॅस सिलिंडर नेण्यास बंदी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात बेकायदा आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण दगावले. विमानात इंधन चालतच नाही. स्टोव्ह नेण्यासही विमान कंपनीची परवानगी लागते आणि टाकी पूर्ण रिकामी असावी लागते. म्हणून इंधन पायथ्याच्या गावीच घ्यावे, उरलेले तेथेच देऊन यावे, आणि परतण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून ती उन्हात वाळवावी. वास राहिला तर तपासणीत अडवले जाण्याची शक्यता असते, तेव्हा या कामासाठी मनालीतला एक दिवस हाताशी ठेवावा.