ताणले तरी तडकू नये!

आमच्या जुहूच्या चौपाटीवर मिळतो तसा एक फुगा घ्या. न फुगवताच त्यावर पोस्टर रंगाची जाड रेघ ओढा, वाळू द्या आणि मग फुगवा. (फुटला तर दुसरा आणा!) रेघेला तडे गेले ना?

अर्धवाहक बहुवारिकांचे, म्हणजे बेताची वीज वाहणाऱ्या प्लास्टिकांचे, दुखणे हेच. त्यांच्या साखळ्या ताठ व शिस्तीत असल्या की वीज सहज वाहते. पण ताठपणाबरोबर ठिसूळपणाही येतो. मनगटावर चिकटवून नाडी मोजणारी पट्टी मात्र कातडीबरोबर ताणली जायला हवी!

२०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ व सहकाऱ्यांनी असे बहुवारिक रबरासारख्या पदार्थात मिसळले. त्यात त्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे जाळे झाले. एवढ्याशा जागेत साखळ्यांना मोठे स्फटिक बनवता येत नाहीत. त्या लवचीक राहतात. हा पापुद्रा दुप्पट लांब ताणला, तरी विद्युत्‌भारांची धाव फारशी मंदावली नाही.