एल्फिन्स्टन साहेब आणि आपला सातपुडा

मुंबईच्या लोकलमधून फिरलेल्यांना ‘एल्फिन्स्टन रोड’ स्टेशन आठवत असेल. २०१८ मध्ये त्याचं नाव प्रभादेवी झालं. पण ते नाव नंतरच्या, दुसऱ्या एल्फिन्स्टनचं. मग आपला हा एल्फिन्स्टन कोण, आणि आम्हा धडगावकरांना त्याचं काय? मित्रांनो, संबंध आहे, आणि तोही दुहेरी!

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा, जन्म १७७९ चा. १७९६ मध्ये, म्हणजे अकरावी-बारावीच्या वयात, कंपनीच्या नोकरीसाठी तो भारतात आला. फारसी शिकला. वाचनाचं वेड तर जबरच. १८११ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली आणि त्यात पुस्तकंही गेली. पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे गव्हर्नर जनरलचं पद नाकारून त्याने १८४१ मध्ये भारताचा इतिहास प्रसिद्ध केला.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्याच्याच कारकिर्दीत, १८२३ मध्ये, मुंबईत सरकारी बांधकाम आणि सर्व्हेसाठी माणसं तयार करणारी इंजिनिअर इन्स्टिट्यूशन निघाली. प्रमुख होता कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. शिकवणं मराठी-गुजरातीतून! जर्व्हिसने गणिताची पुस्तकं मराठीत तयार केली.

दुसरी बाजू आपल्या डोंगरातली. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला. भिल्लांना दाबायला पलटणी पाठवल्या, पण डोंगरदऱ्यांत त्यांची डाळ शिजेना. मग १८२५ मध्ये सरकारने पवित्रा बदलला. शरण येणाऱ्याला माफी, कसायला जमीन, बैल-बियाण्याला तगाई आणि तरुणांना ‘भिल्ल कोअर’मध्ये नोकरी. ही तुकडी उभारणारा लेफ्टनंट जेम्स आउट्रम तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढा. भिल्लांबरोबर राहून, शिकार करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला.

धोरण हुशारीचं होतं, यात वाद नाही. पण हिशेब नीट मांडून बघा. पुण्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा, मुंबईत भूमिती, आणि डोंगरातल्या पोराच्या हाती नांगर नाहीतर बंदूक! ग्रंथात रमणाऱ्या राज्यकर्त्यालाही डोंगरात आधी बंदोबस्त दिसला, विद्यार्थी दिसला नाही.

त्याची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. गणित लोकांच्या भाषेत सांगता येतं, हे त्याच्या काळात करून दाखवलं गेलं. तेव्हा होस्टेलमधल्या सिनियरांनो, फर्स्ट इयरला आलेला पावरा किंवा भिल्ल मुलगा एम-वनचं पुस्तक उघडून गप्प बसला असेल, तर त्याला ‘ढ’ समजू नका. शेजारी बसा, मराठीत सांगा. पावरी येत असेल तर पावरीत सांगा!