नर्मदेचा तळ आणि महसीर

महसीरचा जबडा उघडून पाहा, एकही दात दिसणार नाही. दात आहेत ते आत, घशात, तीन ओळींत. शिंपला किंवा गोगलगाय सापडली की हा मासा ती अख्खी आत घेतो आणि घशातच भरडतो. दगडांच्या फटी चाचपायला जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या.

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर हद्द म्हणजे नर्मदा. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांना घासून जाणारी ही नदी टोर टोर जातीच्या महसीरचे जुने घर. पलीकडे मध्य प्रदेशात त्याला बाडस म्हणतात; २०११ मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला.

या माशाचे सगळे गणित वाहत्या पाण्यावर. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो, उपनद्यांतही शिरतो. मादी एकदम सगळी अंडी टाकत नाही, टप्प्याटप्प्याने टाकते. अंडी जड असतात, तळाच्या गोट्यांमध्ये जाऊन बसतात. वरून प्राणवायूने भरलेले पाणी खेळत राहिले तर पिल्ले निघतात. गाळाचा थर बसला, की अंडी गुदमरतात.

नर्मदेवरच्याच सरदार सरोवर धरणाचा जलाशय २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बुडिताची झळ बसलेली महाराष्ट्रातली ३३ गावे नंदुरबार जिल्ह्यातलीच. माणसांच्या शेताघरांबरोबर नदीचा दगडगोट्यांचा तळही बुडाला, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. आता तिथे संथ, खोल पाणी आहे. धरणग्रस्तांच्या सहकारी संस्था त्यात मासेमारी करतात. अशा जलाशयांत कटला, रोहूची बोटुकली सोडली की चांगली वाढतात. ज्यांची शेती गेली, त्यांच्या हाती हे उत्पन्न आलेच पाहिजे.

महसीरची बोटुकलीही तयार करता येतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरच्या इतर जातींचे बीज तयार होत आले आहे. पण नुसते बीज सोडून भागणार नाही. मोठे झालेले मासे अंडी घालायला जाणार कुठे? माझ्या मते उत्तर उपनद्यांत आहे. बिलगावची उदई घ्या. असे प्रवाह बंधाऱ्यांनी तुटू नयेत आणि त्यांच्या तळातली वाळू, गोटे उपसले जाऊ नयेत. जुलैत वर चढणाऱ्या मादीला लागते ते एवढेच: गुडघाभर धावते पाणी आणि खाली धुतलेले गोटे.