न निघालेला एक दिवाळी अंक

२०२०च्या पावसाळ्यात चोवीस दिवसांत तीन गोष्टी घडल्या आणि त्यातल्या दोन थेट पुण्याशी जोडलेल्या होत्या. १८ ऑगस्टला नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम निन्टेन्डो स्विचवर आला. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात ‘पब्जी मोबाइल’ हा गेमही होता. टाळेबंदीत घरोघरी अडकलेल्या मुलांचा तोच कट्टा आणि तेच मैदान. १० सप्टेंबरला युबीसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३च्या गाजलेल्या गेमच्या नव्या रूपाची झलक दाखवली. ते काम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. झलक पाहून जगभरातल्या खेळाडूंनी चित्रांना नावं ठेवली, गेम लांबला आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं.

त्या वर्षी मराठीत व्हिडिओ गेमचं एखादं चांगलं मासिक असतं, तर त्याच्या दिवाळी अंकात काय असायला हवं होतं? गेमचं मासिक चांगलं कशामुळे होतं, हे मला या प्रश्नातूनच नीट कळलं.

पहिला लेख अर्थातच ‘राजी’वर. पुण्यातल्या मुलांनी गेम केला, जगभर पोचला, ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं, ही झाली बातमी. ती वर्तमानपत्राने द्यावी. मासिकाने खेळून सांगावं. राजी हरवलेल्या भावाला, गोलूला शोधत निघते, तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. एवढं कुणीही पाहून लिहील. पण खांबाला धरून गरकन फिरत असुरावर वार केला की बोटांना काय जाणवतं? राजस्थानी महालांच्या गच्च्यांवरून धावताना जी लय सापडते, ती लढाईत का तुटते? कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे कधी नक्षी डोळे भरून दिसते आणि कधी नेमका शत्रूच दिसत नाही. शेवट इतका अचानक येतो की पाटावरून उठवल्यासारखं वाटतं. सिनेमाचं परीक्षण खुर्चीत बसून लिहिता येतं, गेमचं परीक्षण हातांनी लिहावं लागतं. ज्या मासिकाला हे जमलं, त्याची निम्मी लढाई जिंकलेली असते.

यासाठी लागणारी भाषा आपल्याकडे नाही, हे मला मान्य नाही. अंगणात खेळलेल्या कुणालाही ती येते. न दिसणाऱ्या कोपऱ्यातून वार करून मारणारा गेम रडीचा डाव खेळतो. सोपी पातळी निवडणारा लिंबूटिंबू असतो, आणि त्यालाही खेळात मानाने घ्यायचं असतं. पब्जीतले चौघे भिडूच होते. डाव, राज्य, बाद, टाइमप्लीज हे सगळे शब्द तयार आहेत. लेव्हल, बॉस, सेव्ह हेही आता मराठीच झाले. डेक्कन जिमखान्याने १९१४मध्ये खो-खोचे नियम लिहून काढले. मातीत खेळला जाणारा खेळ नेमक्या शब्दांत बांधता येतो, याचा याहून जवळचा दाखला पुणेकराला कुठे मिळणार?

गुणांचं काय? जपानमध्ये १९८६पासून निघणाऱ्या ‘फामित्सू’त एकाच गेमला चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. बेरीज चाळिसापैकी. मला त्या बेरजेपेक्षा चौघांमधलं अंतर मोलाचं वाटतं. एकाने नऊ दिले आणि दुसऱ्याने सहा, तर वाचक कारण शोधतो आणि आपण कोणाच्या बाजूचे हे ठरवतो.

पब्जीवरचा लेख मात्र मी मोठ्या माणसाला लिहायला दिला नसता. १९८४मध्ये इंग्लंडमधल्या ल्यूडलो या लहान गावातून ‘क्रॅश’ हे मासिक सुरू झालं, तेव्हा त्याची परीक्षणं गावातली शाळकरी मुलं खेळून सांगत. त्या पानांतला ताजेपणा तिथून आला. आपल्याकडे त्या सप्टेंबरमध्ये व्यसन, परीक्षा आणि डोळ्यांचे नंबर यांवर पालक बोलले, डॉक्टर बोलले, पुढारी बोलले. पब्जीत नेमकं काय होतं आणि काय गेलं, हे ज्याला सांगता आलं असतं त्या सोळा वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं नाही.

तिसरा लेख सर्वांत अवघड. ‘प्रिन्स’वर पुण्यात काम करणाऱ्यांना वेळ किती होता, माणसं किती होती, निर्णय कुठे होत होते? झलक वाईट दिसली म्हणून हसणं सोपं होतं, हे प्रश्न विचारणं मासिकाचं काम होतं. आणि ते विचारायचे तर मासिक कुणाच्या पैशावर चालतं, हा मुद्दा येतोच. अमेरिकेत १९८८मध्ये निघालेलं ‘निन्टेन्डो पॉवर’ हे निन्टेन्डोचं स्वतःचं मासिक होतं. नकाशे आणि युक्त्या उत्तम, पण घरच्या गेमला घरचं मासिक किती झोडपणार? १९९१पासून चालत आलेलं ‘गेम इन्फॉर्मर’ गेमस्टॉप या दुकानांच्या साखळीच्या मालकीचं होतं. २ ऑगस्ट २०२४ला मालकाने ते एका दिवसात बंद केलं, संकेतस्थळासकट. पुढच्या वर्षी नव्या मालकाकडे ते पुन्हा उभं राहिलं, हे वाचकांचं नशीब.

पण मालक असला म्हणजे मासिक मिंधंच होतं असं नाही. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याची खबर द्यायला. शंकरराव किर्लोस्करांनी त्यातून महाराष्ट्राला वाद घालायला लावणारं ‘किर्लोस्कर’ घडवलं. संपादक खमका असेल तर नांगराच्या जाहिरातीशेजारी सुधारणेचा लेख बसतो.

आमच्या पिढीला गेमचं छापील वाचन इंग्रजीतून मिळालं. २००१मध्ये सुरू झालेलं ‘डिजिट’ आणि त्याच घरातलं ‘स्कोअर’. डायलअपवर डेमो उतरवणं अशक्य होतं, म्हणून अंकासोबतच्या सीडीसाठी आम्ही पैसे जमवायचो, आणि सीडी चालवून झाली की अंक शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. ‘व्हाइस सिटी’चे चीट कोड वहीच्या मागच्या पानावर मराठी अक्षरात उतरवलेले असायचे.

ते अंक आज कुठे आहेत? पुण्याने १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सांभाळलं, रिळांसोबत पोस्टर आणि पुस्तिकाही जपल्या. गेमची गत सिनेमाहून नाजूक आहे. सर्व्हर बंद झाला की ऑनलाइन गेम संपतो, मागे उरतं ते कुणी लिहिलं असेल तेवढंच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५मध्ये जुन्या मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक सर्वांना वाचायला खुले केले.

तुमच्या माळ्यावर ‘स्कोअर’चे अंक, सीडीची पाकिटं किंवा कोड लिहिलेली ती वही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. आणि घरात पब्जी खेळलेलं कुणी असेल तर त्यांच्या चौघांच्या शेवटच्या डावाबद्दल त्याच्याकडून दोन पानं लिहून घ्या. भिडूंची टोपणनावं, बोलणं, कुठे लपलो, कसे मेलो, सगळं. वर तारीख घालायला विसरू नका.