पाऊस 'लहरी' म्हणजे नेमका कसा?

'पाऊस मोठा लहरी' हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या धान पिकवणाऱ्या गावात तर ते दर पावसाळ्यात कानी पडते. पण लहरी म्हणजे कमी पडणारा काय? की जास्त पडणारा? या शब्दाचा नेमका अर्थ आज आपण पाहू.

गंमत अशी, की हा शब्द आला आहे लाटेवरून. संस्कृतात लहरी म्हणजे लाट. जगन्नाथ पंडितांच्या 'गंगालहरी'तील लहरी तीच. तळ्यात खडा टाकला की लाटा एकामागून एक ठराविक अंतराने उठतात. अशा बदलाला आपण आवर्ती बदल म्हणतो. मराठीत मात्र 'लहर' म्हणजे मनात अवचित उठलेली इच्छा असाही अर्थ आला आणि 'लहरी' म्हणजे ज्याचा नेम नाही असा, हा अर्थ रूढ झाला. मूळ शब्द नियमित हालचालीचा; त्यापासून झालेले विशेषण अनियमित बदलाचे!

तेव्हा नुसता बदल म्हणजे लहरीपणा नव्हे. नाकाडोंगरीत जूनअखेरीस दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, तर डिसेंबरअखेरीस तो पावणेअकरा तासांपर्यंत उतरतो. बदल मोठा आहे, पण पुढच्या वर्षीचा आकडा आजच सांगता येतो. दिवसाला कोणी लहरी म्हणत नाही.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, दोन गावांत पाच आठवड्यांत पुढीलप्रमाणे पाऊस पडला:

पहिले गाव : ४८, ५२, ५०, ४७, ५३ मिलिमीटर.
दुसरे गाव : ०, १३०, ५, ०, ११५ मिलिमीटर.

दोन्हींची बेरीज २५०, सरासरी ५०. सरासरीवरून दोन्ही गावे सारखीच! आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढा आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. पहिल्या गावी ती २ येते, दुसऱ्या गावी ५८. यालाच सरासरी विचलन म्हणतात. 'लहरी' या शब्दाला आपण असे एका संख्येत पकडले.

या दोन संख्यांतील फरकावर धानाचे पीक अवलंबून असते. पऱ्हे साधारण तीन आठवड्यांचे झाले की रोवणी करावी लागते आणि त्यासाठी बांधीत चिखल हवा. नेमका तेव्हा पाऊस दडी मारून बसला, तर पऱ्हे जून होतात. उशिरा रोवल्यावर त्यांना फुटवे कमी येतात. मागाहून पडलेल्या मुसळधार पावसाने बेरीज पुरी होते, पण गेलेली वेळ भरून येत नाही. म्हणून 'यंदा पाऊस सरासरीइतका झाला' हे वाक्य खरे असूनही शेतकऱ्याचे नुकसान झालेले असू शकते.

या भागातील पूर्वजांनी हे ओळखले होते. भंडारा परिसरात कोहळी समाजाने बांधलेले अनेक जुने तलाव आहेत. मालगुजारी तलाव किंवा मामा तलाव म्हणून ते ओळखले जातात. तलाव पाऊस वाढवीत नाही. तो जोराच्या पावसाचे पाणी साठवून कोरड्या आठवड्यात देतो. म्हणजेच आकाशातील लहरीपणा शेतापर्यंत पोचताना कमी करतो.

एक गैरसमज मात्र टाळा. लहरी म्हणजे विनाकारण नव्हे. पूर्व विदर्भात बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. प्रशांत महासागरातील 'एल निनो'चाही मोसमी पावसावर परिणाम होतो आणि तो स्वतः दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतराने येतो. कारणे अनेक व एकमेकांत गुंतलेली असल्याने फार आधी नेमका अंदाज करणे कठीण जाते.

येत्या पावसाळ्यात हे स्वतः करून पाहा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडे व भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, नोंदवा व डबा रिकामा करा. आठवड्यांच्या बेरजा करून सरासरी विचलन काढा. शेजारच्या गावातील शाळेनेही तेच केले, तर कोणाचा पाऊस अधिक लहरी, हे तुम्हाला आकड्यांनिशी सांगता येईल.