पर्वतीय गोरिलांच्या समूहजीवनाची कारणमीमांसा

प्रस्तावना :
प्राणी कळपाने का राहतात, असे विचारले की अन्न आणि शिकारी प्राण्यांपासून बचाव ही दोन कारणे सहज पुढे केली जातात. हरणांच्या बाबतीत ती बहुतांशी पुरेशी ठरतात. गोरिलांच्या बाबतीत मात्र त्यांपैकी पहिले जवळजवळ गैरलागू व दुसरे अपुरे आहे. प्रस्तुत लेखात मध्य आफ्रिकेतील विरुंगा पर्वतराजीतील गोरिलांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. जॉर्ज शॅलर यांनी १९५९-६० मध्ये येथे क्षेत्रीय अभ्यास केला. पुढे १९६७ मध्ये डायन फॉसी यांनी रवांडात कारिसोके संशोधन केंद्र स्थापन केले. तेथील अनेक दशकांच्या नोंदींवरच या विषयाचे आजचे ज्ञान प्रामुख्याने उभे आहे.

अन्नाचा प्रश्न :
पर्वतीय गोरिलाचा आहार म्हणजे पाने, कोवळे देठ, गाभा. हे अन्न सर्वत्र विपुल पसरलेले असल्याने त्यासाठी झगडा फारसा होत नाही. विखुरलेल्या फळांवर जगणारा ओरांगउटान बहुधा एकटा राहतो, ही तुलना येथे उद्बोधक आहे. तथापि एकत्र राहणे स्वस्त पडते एवढ्यावरून ते का घडते, हे सिद्ध होत नाही. आपल्याकडील माकडांमध्ये माद्या जन्मगटातच राहतात व नात्यातील माद्यांच्या साहाय्याने अन्नावरील हक्क राखतात. गोरिलाची मादी मात्र वयात आल्यावर बहुधा जन्मगट सोडते, पुढेही गट बदलू शकते. गटातील माद्या एकमेकींशी नव्हे, तर मुख्यतः प्रौढ नराशी बांधलेल्या असतात. ‘कळप’ हा मराठी शब्द येथे काहीसा दिशाभूल करणारा आहे.

पिलाचे संरक्षण :
हे बंधन कशाचे? पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, म्हणजे सिल्व्हरबॅक, मादीच्या सुमारे दुप्पट वजनाचा असतो. बिबट्याने गोरिला मारल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा त्या धोक्यापासूनही तो संरक्षण देतोच. परंतु अधिक निर्णायक धोका परक्या नराचा होय. पिलू दूध पीत असेतो मादीला सहसा गर्भधारणा होत नाही. दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षांचे अंतर पडते. पिलू मेल्यास ती लवकर पुन्हा प्रजननक्षम होते. परक्या नराचा स्वार्थ यातच आहे. डेव्हिड वॉट्स यांनी १९८९ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार त्या काळातील पिलांच्या मृत्यूंपैकी किमान ३७ टक्के मृत्यू शिशुहत्येमुळे झाले होते.

गटात एकच सिल्व्हरबॅक असेल आणि तो मेला, तर गट सहसा विस्कटतो. माद्या अन्य नरांकडे जातात व तान्ही पिले उघडी पडतात. दोन वा अधिक प्रौढ नर असल्यास गट टिकतो. विरुंगात असे बहुनर गट बरेच आढळतात व त्यांत शिशुहत्या विरळ असते. जुलै १९७८ मध्ये फॉसी यांच्या अभ्यासगटाचा प्रमुख नर ‘अंकल बर्ट’ चोरट्या शिकाऱ्यांनी मारला, त्यानंतर काही आठवड्यांतच गटातील एका तान्ह्या पिलाला दुसऱ्या नराने ठार केले. शिकाऱ्यांच्या गोळीने किती गोरिला मेले, याची मोजणी केवळ हाती लागलेल्या शवांवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते.

आई गेल्यानंतर :
२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कारिसोकेच्या पाच दशकांहून अधिक नोंदींवर आधारित अभ्यासाने या विवेचनात मोलाची भर घातली. दोन वर्षांहून मोठे पिलू आईला मुकले, तरी त्याच्या जगण्याच्या शक्यतेत लक्षणीय घट दिसली नाही. अशा पिलांचे गटातील इतरांशी, विशेषतः प्रमुख नराशी, संबंध दृढ होत असल्याचे आढळले. रात्री अनाथ पिले अनेकदा सिल्व्हरबॅकच्याच घरट्यात झोपतात. केवळ शत्रूला अडविणारा पहारेकरी, ही नराची प्रतिमा यामुळे अपुरी ठरते. अर्थात हे निष्कर्ष आई गेली तरी गट शाबूत राहिला अशा पिलांचे आहेत. नर आणि आई दोघेही एकाच वेळी गेल्यास हा आधार उरत नाही.