बंध व मुखव्यायाम
बंध व मुखव्यायाम : हठयोगातील बंध व चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम यांचा त्वचेच्या आरोग्यासाठी केला जाणारा एकत्रित अभ्यास. कंठ आकुंचित करून हनुवटी छातीशी दृढ टेकविणे म्हणजे जालंधर बंध. हठप्रदीपिकेत (सु. पंधरावे शतक) त्यास जरा व मृत्यू यांचा नाशक म्हटले आहे, परंतु तेथे टाळूतून स्रवणारे अमृत राखणे अभिप्रेत आहे, मुखकांती नव्हे. तोंड उघडून नासाग्री दृष्टी लावण्याच्या सिंहासनाने तिन्ही बंध साधतात, असेही त्यात सांगितले असून या जोडणीस हा आधार अधिक जवळचा आहे. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 स्त्रियांनी 20 आठवडे मुखव्यायाम केल्यावर गाल अधिक भरलेले दिसले. मात्र त्यात तुलनागट नव्हता, बंधही नव्हते. उच्च रक्तदाब वा काचबिंदू असणाऱ्यांनी कुंभकयुक्त बंध टाळावेत.